विहिरीचं खातं

आमच्या अभ्यासक्रमात दोन विषय जोडलेले होते: हिशेबशास्त्र आणि संगणकीय माहिती प्रणाली. विद्यापीठ जळगावला, कॉलेज धुळ्यात देवपूरला. सकाळचे तास जुन्या इमारतीत, तिथे सर खडूने फळ्यावर इंग्रजी टी अक्षरासारखं खातं काढून डावी-उजवी बाजू जुळवत. दुपारचे तास मागच्या नव्या इमारतीत, तिथे मॅडम पडद्यावर टेबलं दाखवत. दोन्ही इमारतींच्या मध्ये सायकल स्टँड होता. एकाच पदवीचे हे दोन भाग एकमेकांशी कसे बोलतात ते मला दोन वर्षं कळलं नाही. विचारायला हवं होतं. पण घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे न कळणं हा माझाच कमीपणा असणार असं मी धरून चालले होते.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. कुणाच्या तरी खऱ्या नोंदी घ्यायच्या, त्या संगणकावर मांडायच्या आणि दोन्ही बाजू जुळवून दाखवायच्या. बहुतेकांनी दुकानं घेतली. माझ्या ओळखीचं दुकान नव्हतं. मी आमची विहीर घेतली.

विहीर सामाईक आहे. तिच्यावर तीन घरांची शेती: नाना म्हणजे वडिलांचे थोरले चुलतभाऊ, मग आम्ही, मग धाकटे काका. याच क्रमाने एकेका दिवसाची पाळी. शेतीला वीज आठ तास, म्हणून पाळी आठ तासांची. ज्याची पाळी तो संध्याकाळी मोटारीच्या खोलीत भिंतीवर कोळशाने रेघा ओढतो, चाललेल्या प्रत्येक तासाची एक उभी रेघ. लाईट गेली असेल त्या तासाला फुली. दिवाळीला भिंतीला चुना लागतो आणि सगळं नव्याने सुरू होतं. मी भिंतीचे फोटो काढले आणि दिवाळीपासूनच्या रेघा लॅबमध्ये बसून भरल्या.

रेघा सोप्या होत्या. फुल्यांपाशी अडले. सरांनी पहिल्या दिवसापासून घोटवलेलं असं की ज्याला मिळालं त्याच्या नावे, ज्याच्याकडून गेलं त्याच्या जमा, आणि एकही नोंद एकटी राहत नाही. फुलीचा तास ज्याची पाळी होती त्याच्याकडून गेला, हे उघड होतं. मग मिळाला कुणाला? मी विचार केला की लाईट गेली तरी पाणी विहिरीतच राहिलं. दुसऱ्या दिवशी ज्याची पाळी, त्याला ते मिळालं. म्हणून फुलीचे तास मी पुढच्या घराच्या नावे टाकले. दोन्ही बाजू जुळल्या. पडद्यावर खाली हिरवी खूण आली. तेव्हा मला वाटलं की दोन इमारती पहिल्यांदा एकमेकांशी बोलल्या.

लहानपणापासून मी विहिरीवर गेले ती जेवणाचा डबा द्यायला. फुलीच्या तासांचं काय करतात हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. एका रविवारी मी त्या हिशेबाची लिंक भाऊबंदांच्या मोबाईल ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, ‘आपल्या विहिरीचा हिशेब.’

मंगळवारी दुपारी आईचा फोन आला. त्या दिवशी आमची पाळी होती, पण मोटार नानांच्या शेताकडे चालू होती. नानांनी सकाळीच वडिलांना मोबाईल दाखवला होता. आमच्याकडून त्यांचे एकोणीस तास येणं दिसत होतं. (काकांना नानांकडून काही तास यायचे होते, तेही त्याच पानावर होतं. ते नानांनी पाहिलं नाही, आणि काका मोबाईल उघडतच नाहीत.)

“मंग आबा काय बोलनात?” मी विचारलं. आबा म्हणजे माझे वडील.

“काय बोलतीन? ‘अंडेरनी लिखेल शे, मी काय सांगू,’ म्हने. आनि व्हॉल फिरावाले दिधा.”

अंडेर म्हणजे मुलगी, आणि व्हॉल म्हणजे पाणी एका शेताकडून दुसऱ्याकडे वळवायची झडप. आबांचं हे वाक्य मला अजून नीट बाजूला ठेवता आलेलं नाही. आबा नानांशी बांधावरून, बैलांवरून, कशावरूनही भांडू शकतात. यावेळी समोर माझं लिहिलेलं होतं म्हणून ते गप्प बसले.

शुक्रवारची आमची पाळीही नाना घेणार होते. वैशाख होता. आमच्या केळीचे घड नुकतेच बाहेर पडले होते. त्या दिवसांत केळीला ठिबकचं पाणी एक पाळी चुकलं तर पानं मान टाकतात. दोन पाळ्या चुकल्या तर घड भरत नाही आणि वर्ष हातचं जातं.

मी मॅडमकडे गेले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. “लॉजिक चुकलंय ना? मग चुकीच्या ओळी अपडेट कर. पाच मिनिटांचं काम. सबमिशन सोमवारी आहे, लक्षात आहे ना?”

पाच मिनिटंही लागली नाहीत. एकोणिसाच्या जागी शून्य आलं. मला हलकं वाटलं.

बुधवारी सकाळी नानांचा फोन आला. नाना फोनवरही शेतात बोलतात तसंच मोठ्याने बोलतात. “काल एकोणीस व्हतात, आज शून्य. रातम्हा कोनी खाई टाकात? तुना बापनी सांगं का पुसाले?”

मी नाही म्हणाले. पण पडद्यावर शून्याखेरीज काही उरलं नव्हतं. आधी काय होतं, का बदललं, कुणी बदललं, यातलं काहीच मला दाखवता येईना. आदल्या दिवशी आमच्यावर न घेतलेल्या तासांचा बोजा होता. आता त्यावर लबाडीही चढली, आणि ती आबांच्या नावावर.

त्या दिवशी मी सरांच्या खोलीबाहेर बराच वेळ उभी होते. शेवटी त्यांनीच बोलावलं. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, “खोडलंस?”

“हो सर.”

“वहीत खोडलं असतंस?”

“नाही सर.”

“मग तिथे का खोडलंस?”

नव्या इमारतीत खोडता येतं म्हणून खोडलं होतं. सर म्हणाले की चूक होती तशी परत लिही, तिच्याखाली तिची उलट नोंद कर, कारण लिही आणि स्वतःचं नाव घाल. मग त्यांनी विचारलं, “आणि गेलेले तास नक्की कुणाकडे गेले? तुमच्याकडे काय रीत आहे?”

मी सायकल स्टँडपाशी येऊन आबांना फोन लावला. फुलीचे तास कुणाचे, एवढंच विचारलं. “फुलीना तास कोनाच नही. लाईट गई, ते तास गयात. बठ्ठासले मालूम शे.” सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

त्या दुपारी मी चौथं खातं उघडलं. त्याचं नाव विहीर. सगळ्या फुल्या तिच्या नावे. पुढे तोंडी परीक्षेत जळगावहून आलेल्या परीक्षकांनी याच खात्यावर बोट ठेवलं. याची बाकी वाढतच जाते, वसुली कधी, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, वसुली नाही, दिवाळीला चुना लावतात. त्यांनी काही लिहून घेतलं. काय ते मला ठाऊक नाही.

गुरुवारी पहिली बस पकडून गावी गेले. नानांची पाळी होती. ते मोटारीच्या खोलीजवळ निंबाखाली बसले होते. मी मोबाईल पुढे धरला आणि उलट नोंदी पहिल्यापासून वाचायला लागले. दिवस, तास, कारण, आणि शेवटी प्रत्येक वेळी माझं नाव. सातव्या-आठव्या नोंदीला त्यांनी हात वर केला.

“बठ्ठ्या अशाच शेत का?”

“हा नाना. चूक मनी शे. आबासले मालूम बी नव्हतं.”

“मंग एकोणीस तास गयात कथा?”

“विहीरना खाताम्हा.”

“विहीरकडथून कोन वसूल करी?”

“कोनीच नही.”

नाना हसले नाहीत, पण त्यांनी तंबाखूची डबी बाहेर काढली. “हाई ते आम्हले आधीच मालूम व्हतं. तुले कॉलेजम्हा जानं पडनं.”

मी इथेच उठले असते तर शुक्रवारची पाळी आम्हाला मिळालीच असती. नानांच्या बोलण्यावरून ते कळत होतं. पण त्या पानावर खाली अजून एक नोंद होती, मंगळवारची. आमच्या पाळीचे आठ तास नानांच्या नावे. ती मी आदल्या दिवशी भरली होती आणि दाखवावी की नाही म्हणून बसमध्ये दोनदा लपवून पाहिली होती. थोरल्या माणसाकडे मागायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी फक्त पान वर सरकवलं आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला.

त्यांनी ती नोंद बोटांनी मोठी करून वाचली.

“हाई आठ बी चूक शे का?”

“नही नाना. हाई खरं शे.”

मला वाटलं ते उठून जातील. ते उठले, पण खोलीत गेले. बारा वाजायला आले होते, लाईट चारपर्यंत होती. आतून व्हॉल फिरवल्याचा आवाज आला.

“ले, आजना चार,” ते आतूनच म्हणाले. “बाकीना चार रविवारले. लिखी ठेव.”

मी आमच्या शेताकडे चालत गेले. आबा बांधावर कोयता घेऊन वाळकी पानं काढत होते. नळ्यांमधून आधी हवा निघाली, मग थेंब सुरू झाले. आबांनी नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“नानानी दिधं?”

“मी मांगं.”

आबा कोयता बांधावर ठेवून फिल्टर बघायला गेले. मी ओळीओळीने शेवटपर्यंत गेले. थेंब सगळीकडे पोचत होते. पश्चिमेच्या कडेची सात झाडं मात्र मंगळवारपासूनच वाकली होती, आणि ती पुढे सावरली नाहीत. बाकीची संध्याकाळपर्यंत पुन्हा ताठ झाली.