सावंतकाकींच्या कोंबड्यांचा रिपोर्ट

"बर्ड फ्लू पॉझिटिव्ह!" म्हणत साळवी सरांनी पशुसंवर्धन खात्याला कळवायला फोन उचलला. सर आमचे हेड. परळच्या आमच्या लॅबमध्ये कोंबड्यांच्या विषाणूंचा जनुकीय अभ्यास चालतो, ते खातं माझं.

नमुने कॉटन ग्रीनच्या सावंतकाकींच्या कोंबड्यांचे. गोडाऊनमागे त्या गावठी कोंबड्या पाळतात. काही मेल्या, म्हणून मी स्वतः जाऊन मेलेल्या आणि जिवंत, दोन्हींचे नमुने आणले होते. रिपोर्ट पक्का झाला की त्यांच्या उरलेल्या आणि आसपासच्याही सगळ्या कोंबड्या सरकारी माणसं मारणार. काकी बाहेर बाकावर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

"सर, संशयित म्हणून कळवा. पक्का म्हणू नका."

"का गं? मशीन खोटं बोलतं?"

"ठणठणीत कोंबडीही पॉझिटिव्ह कशी? हा विषाणू कोंबड्या पटापट आडव्या करतो. नमुना घेताना ती तर मला चोच मारून पळाली!"

सर हसले नाहीत, पण 'संशयित' एवढंच कळवलं. कोंबड्या बंदिस्त ठेवायला सांगितल्या.

मी सिक्वेन्सिंग लावलं. म्हणजे विषाणूच्या जनुकातली अक्षरं ओळीने वाचायची. दुसऱ्या दिवशी वाचता वाचता मी ओरडलेच, "अगं बाई, हा तर आपलाच!"

त्याचं असं आहे. टेस्ट नीट चालते ना, हे बघायला आम्ही दरवेळी जनुकाचा एक ओळखीचा, निरुपद्रवी तुकडा सोबत लावतो. त्याला कंट्रोल म्हणतात. तो बनवताना मी मुद्दाम काही अक्षरं अशी घातली होती, जी खऱ्या विषाणूत सापडत नाहीत. धोबी कपड्यावर खूण घालतो तशी. तेव्हा सगळ्यांनी माझी टर उडवली होती. आता तीच अक्षरं काकींच्या नमुन्यांत! कंट्रोलची ट्यूब सगळ्यात शेवटी उघडायची असते. कोणीतरी घाईत आधी उघडली, ग्लोव्ह न बदलताच पुढचं काम केलं आणि त्या तुकड्याचा अंश सगळ्या नमुन्यांना लागला.

नमुने पुन्हा घेतले, टेस्ट दुसऱ्या खोलीत केली. बर्ड फ्लू नाही. निघाली मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग. तीही वाईटच, पण तिला लस आहे.

"रिपोर्टात काय लिहू? लॅब चुकली?" सरांचा चेहरा उतरला होता.

"हो. आणि लॅबनेच पकडलं, तेही लिहा."

सरांनी दोन्ही लिहिलं आणि सही ठोकली. त्या सहीचा मला आजही अभिमान आहे. माझ्या अक्षरांचा तर आहेच, खोटं कशाला बोलू!

"वाचवलंस गो बाये!" म्हणत काकी गळ्यात पडल्या.

मशीन खोटं बोलत नाही. पण दुसऱ्याच्या खुराड्याकडे बोट दाखवण्याआधी आपला ग्लोव्ह बदललाय का, ते बघावं.