डावीकडून चौथा

चारुशीलाच्या स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या असत. मूगडाळ, मटकी, भाजणी. चिठ्ठीचं तोंड बरोबर समोर. कुणी डबा फिरवून ठेवला तर ती न बोलता सरळ करी. तिच्या नवऱ्याने, देवदत्तने, साताऱ्याच्या घरात कॉम्प्युटर आणला तो स्वतःसाठी, पण त्याच्यासमोर जास्त बसू लागली ती चारुशीलाच.

तिचे सासरे अण्णा वडूजच्या शाळेत चोवीस वर्षं मास्तर होते. दर साली वर्गाचा एक फोटो निघे, आणि ते सगळे फोटो एका पत्र्याच्या ट्रंकेत होते. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात तिने ते एकेक स्कॅन केले. दुपारचा चहा झाला की अण्णा भिंग घेऊन शेजारी बसत आणि नावं सांगत. "हा पलटणीत गेला. हा ट्रक चालवतो. हा ज्ञानू, फोटो काढला आणि महिन्याच्या आत तापानं गेला. फार हुशार पोर." सगळं तोंडपाठ. कुठल्या पोराला शाईची दौत सांडल्याबद्दल मारलं होतं, तेसुद्धा. चारुशीला फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक फोटोखाली ओळ लिही: अमुक रांग, कितवा, कोण. आठशेच्या वर नावं झाली.

जानेवारीत अण्णा गेले.

जुलैत ज्ञानदा, तिची मुलगी, सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून दोन दिवस घरी आली ती एक सीडी घेऊन. नवा प्रोग्रॅम. सगळे फोटो छोट्या छोट्या चौकोनांत एकदम दिसत, वर्षवार लागत, कुणाचा एकट्याचा चेहरा कापून मोठा करता येई. चारुशीला हरखली. जाताना एसटीत पाय ठेवता ठेवता ज्ञानदा म्हणाली, "आई, आधी सगळी नावं आलीत का बघ हं. मगच जुना काढ."

चारुशीलाने बघितलं. ज्ञानदाचं बारसं होतं, पुतण्याची मुंज होती, महाबळेश्वरची सहल होती. सगळ्यांना नावं होती. पुढे बघायचं ते आमटी लागेल म्हणून राहिलं. मशीन जागा कमी म्हणून कुरकुरत होतं, तिने जुना प्रोग्रॅम काढून टाकला.

आठवड्याने तिने अण्णांचे फोटो उघडले. मुलं होती, टोप्या होत्या, मधल्या खुर्चीत अण्णा होते. खाली नुसते आकडे.

तिने सांगलीला फोन लावला.

"अगं, घरच्या फोटोंची नावं तू फायलींनाच दिली होतीस, म्हणून आली," ज्ञानदा म्हणाली. "अण्णांच्या ओळी जुन्या प्रोग्रॅमच्या पोटात होत्या. तू काढलास?"

"हो."

"सगळे फोटो बघितले होतेस ना?"

"बघितले होते," चारुशीला म्हणाली.

स्वतःचं घर बघितलं आणि अण्णांचं बघितलं नाही, हे तिला पोरीलासुद्धा सांगवेना. देवदत्तला तर तिने काहीच सांगितलं नाही.

श्रावणात एका सकाळी दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीच्या आतबाहेरची, हातात घेवड्याची पिशवी.

"मास्तरांची सून तुमीच न्हवं? मी वडूजची रंगूबाई. ज्ञानूची भन."

तिने पदराच्या गाठीतून एक पोस्टकार्ड काढलं. अक्षर अण्णांचं. 'ज्ञानूचा फोटो आमच्या सूनबाईंनी यंत्रात नावानिशी जपून ठेवला आहे. त्यांचं काम चोख असतं. केव्हाही यावे.'

"आई आजारी पडली आन् यायचं ऱ्हायलं," रंगूबाई म्हणाली. "आता तीबी गेली. मरताना सारखी ज्ञानूला हाका मारायची. मी तवा चार वर्साची, मला त्येचं तोंडच आठवंना. आईच्या शेजारी त्येचा फोटू लावावा म्हन्ते. पितरपाटात निवद तरी दावीन."

हीच वेळ होती सांगायची. चारुशीलाने तोंडही उघडलं. पण 'काम चोख असतं' ही ओळ तिच्या हातात होती. ती म्हणाली, "बसा मावशी, चहा टाकते."

चहा उकळेपर्यंत तिने आठवणीला ताण दिला. पंचावन्न सालचा वर्ग. मधली रांग. डावीकडून चौथा. हो, अण्णा असंच म्हणाले होते. तिने त्या मुलाचा चेहरा कापला, मोठा केला, छापला. रुंद कपाळाचा, हसू दाबून धरलेला पोरगा.

रंगूबाईने कागद दोन्ही हातांनी घेतला. बराच वेळ बघितलं.

"ह्योच व्हय?"

"हो," चारुशीला म्हणाली.

रंगूबाईने त्या चेहऱ्यावरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली. जाताना घेवड्याची पिशवी ठेवून गेली. त्या दिवशी घेवड्याची भाजी सगळ्यांनी खाल्ली, चारुशीलाने आमटीवर भागवलं.

पितृपक्ष संपून नवरात्र बसलं, तेव्हा पुन्हा दार वाजलं. या वेळी भरघोस मिशांचा, ताठ चालीचा माणूस होता.

"वैनी, मी सयाजी. मास्तरांचा इद्यार्थी, पलटनीतनं रिटायर. एकच इच्यारायला आलोय." तो खुर्चीत बसला. "मी मेलो कवा?"

"म्हणजे?" चारुशीला म्हणाली.

"रंगूआक्काकडं सहज गेलो, तर भिंतीवर मी! गळ्यात हार, म्होरं उदबत्ती. म्हनाली, ह्यो माजा ज्ञानू, मास्तरांच्या सुनंनं दिला. आता त्या माऊलीला काय सांगू? गप चा पिऊन आलो." तो मोठ्यांदा हसला, आणि तिचा चेहरा बघून थांबला. "आवं, रडू नगा. मी जित्ता हाय."

तिने त्याला सगळं सांगितलं. नवऱ्याला न सांगितलेलं, मुलीशी खोटं बोललेलं, सगळं. मग फोटो पुढे केला. "डावीकडून चौथा म्हणाले होते हो अण्णा. मला पक्कं आठवतंय."

"आन् मास्तर कुठं बसल्यात? खुर्चीत. मास्तर समदं आपल्याच हातानं मोजायचं. त्येंची डावी म्हंजी आपली उजवी." त्याने दुसऱ्या टोकाकडून मोजत बोट ठेवलं. "ह्यो ज्ञानू. माज्या पाटीवर गणितं सोडवून द्यायचा."

बारीक, मोठ्या कानांचा, जरा घाबरलेला मुलगा. आणि चारुशीलाला ती मे महिन्यातली दुपार आठवली. 'डावीकडून म्हणजे माझ्या डाव्या हाताकडून हं, सूनबाई,' असं अण्णा बजावत होते आणि ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वडूजच्या एसटीत बसली. सयाजी म्हणाला होता, मी सांगतो, तुमी कशाला येताय. ती नको म्हणाली.

रंगूबाईने सगळं ऐकून घेतलं. भिंतीवरची चौकट उतरवली, हार काढून बाजूला ठेवला.

"रोज सांजच्याला ह्या तोंडाशी बोलत हुते मी," ती म्हणाली. "आई गेल्याचं ह्येला सांगितलं."

चारुशीलाने ज्ञानूचा नवा छापलेला फोटो तिच्यापुढे ठेवला.

"तुमी न्हाई म्हनाला असता त्या दिशी, तर काय झालं असतं? रिकामी गेली असते. चव्वेचाळीस वर्सं रिकामीच हुते की."

"चुकलं माझं, मावशी."

"व्हय, चुकलं," रंगूबाई म्हणाली. ती चूक तिने तिथेच ठेवली, पुसली नाही. जुनी चौकट चारुशीलाच्या पुढ्यात सरकवून म्हणाली, "ह्यो सयाजीला द्या. मेल्यावर लागंल त्येच्या पोरास्नी."

मग नवा फोटो उजेडाला धरून तिने त्या मोठ्या कानांकडे बघितलं, आणि नकळत तिचा हात स्वतःच्या कानाकडे गेला. या वेळी 'ह्योच व्हय' असं तिने विचारलं नाही. फोटो उलटा करून चटईवर ठेवला.

"नाव लिवा मागं. आत्ता, माज्याम्होरं. तुमच्या हातानं."

चारुशीलाने पर्समधून पेन काढलं. ज्ञानू, वडूज शाळा, इयत्ता सातवी, १९५५.

"वाचा."

तिने वाचलं.

"पुन्यांदा," रंगूबाई म्हणाली.