व्याह्यांचा सुलतान

दुसरीही मुलगीच झाली म्हणून महिपत गोताड लेकीच्या घरची पायरी चढत नाही, ही बातमी आमच्या नाचणे गावात पहिल्यांदा निघाली ती पिठाच्या गिरणीत. गिरणीच्या घरघरीत ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे तिथली कुजबूजसुद्धा थेट बस थांब्यापर्यंत पोचते. संध्याकाळपर्यंत बातमीला शेपूट फुटलं, की महिपतने म्हणे पेढेसुद्धा परत पाठवले. पेढे कुणी पाठवलेच नव्हते. बर्फी पाठवली होती, आणि ती महिपतने माझ्यासमोर बसून एकट्याने संपवली. मला एक तुकडा दिला, तोही मोडका.

महिपत म्हणजे एसटीचा ड्रायव्हर, आता रिटायर. देवरूखच्या वळणांवरून गाडी अशी काढायचा की मागच्या बाकावरच्या म्हातारीची झोप मोडायची नाही. तरुणपणी कबड्डीत चढाईला हाच. आणि बिबट्याची गोष्ट तर विचारूच नका. गोठ्यात शिरलेला बिबट्या ह्याने तेलाचा रिकामा डबा बडवत हाकलला, म्हणून आडनाव गोताड असून गाव त्याला वाघमारे म्हणतं. तो बिबट्या होता की एखादं थोराड रानमांजर, हे मी दर शिमग्याला विचारतो आणि दर शिमग्याला शिव्या खातो.

बायको गेल्यापासून घरात तो एकटा. लेक एकच, अक्षया. ती दिली आमच्याच खालच्या आळीत. जावई विनीत बोटीवर कामाला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. लेक हाकेवर राहील एवढ्याच हिशेबाने महिपतने होकार दिला होता. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं, तेव्हा ह्याने नातीला मांडीवरून खाली ठेवली नाही. दुसरं रिवाजाप्रमाणे सासरी. म्हणजे नात बघायची तर व्याह्यांच्या फाटकातून आत जायचं.

आणि फाटकाबाहेर सुलतान.

सुलतान हा व्याह्यांचा कुत्रा. वासराएवढा, काळा-तांबडा, मान अशी की आपल्याकडे बघताना तो खाली बघतो असं वाटतं. व्याही हरिश्चंद्र मांडवकर सगळी नोकरी मुंबईत करून गावी परतले ते ह्याला घेऊनच. माणूस दिलदार, आल्यागेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही. सकाळ-संध्याकाळ दोघं फिरायला निघतात. कुत्र्याचा लाल पट्टा असतो हरिश्चंद्ररावांच्या स्वतःच्या गळ्यात, उपरण्यासारखा, आणि कुत्रा मोकळा. मी एकदा विचारलं, "रावसाहेब, फिरवतंय कोण कोणाला?" ते खो खो हसले. त्यांना राग येत नाही, हीच तर पंचाईत.

दूधवाला लांबूनच घंटी वाजवतो आणि बायका पातेलं घेऊन आळीच्या तोंडाशी येतात. शाळेची पोरं रस्ता सोडून चिऱ्याच्या गडग्यावरून, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवरून, चालत जातात. कुणी काही बोललं की हरिश्चंद्ररावांचं ठरलेलं उत्तर, "काही करत नाही हो तो!" मी ग्रामपंचायतीत जाऊन बसलो. तिथले म्हणाले, भटका असेल तर सांगा, पाळलेला असेल तर मालकाला सांगा. मालकाला सांगायला गेलो तर चहा आला. चहा पिता पिता ते म्हणाले, "मुंबईत एका खोलीत राहिलो हो आम्ही. मी पण आणि हा पण. आता गावी आल्यावर त्याला बांधू?" ह्याच्यावर माझ्यासारख्या तोंडाळ माणसाने आणखी अर्धा कप मागून घेतला. चहा चांगला होता.

अक्षया बाळंत झाली, त्याच आठवड्यात महिपत अळिवाचे लाडू घेऊन निघाला. लाडू त्याने स्वतः वळले होते, बायको वळायची तसे वळायला गेला आणि कबड्डीच्या मैदानातल्या ढेकळांसारखे झाले. मी मागोमाग होतो, लाडवांची मजा बघायला. आळीत वळलो आणि सुलतान धावत आला. पुढचे दोन्ही पाय महिपतच्या छातीवर. महिपत उताणा पडला चिऱ्यांवर, डबा उघडला, आणि लाडू सुलतानने तिथल्या तिथे खाल्ले. फाटकातून हरिश्चंद्रराव ओरडले, "खेळतोय हो तो, व्याही! तुम्ही आवडलात त्याला!"

महिपत उठला, कपडे झटकले आणि हसला. मुलीचा बाप दुसरं काय करणार? पण मी त्याचे हात बघितले. घाटात ब्रेक लागत नसलेली गाडी ज्या हातांनी दरडीला टेकवून थांबवली, त्या हातांना रिकाम्या डब्याचं झाकण लावता येईना.

"घरी जाऊ," म्हणाला. "कपडे मळले."

त्यानंतर तो गेला नाही. लेकीचा फोन आला की गुडघा दुखतो म्हणायचा. सकाळी मात्र दूध डेरीच्या कट्ट्यावर येऊन बसायचा, कारण तिथून व्याह्यांच्या गच्चीवरची दोरी दिसते. दोरीवर दुपटी वाळत असायची. "आज पिवळं धुतलंन," मला सांगायचा. नातीची ओळख त्याला एवढीच होती.

मी म्हटलं, "मेल्या, व्याह्यांना सरळ सांग ना, कुत्रा बांधा म्हणून."

"मुलीचा बाप मी. मी सांगायचं? उद्या तिला टोमणा बसला तर?"

"मग अक्षयाला सांग."

"काय सांगू?" तो माझ्यावर खेकसला. "लहानपणी ती बिबट्याची गोष्ट ऐकल्याशिवाय झोपायची नाय. आई गेली तेव्हा पण तीच सांगितली मी तिला. आता सांगू, बाय गो, तुझा बाप कुत्र्याला भितो?" मग बोट रोखून म्हणाला, "तू बोललास तर तुझी माझी दोस्ती संपली. देवाशपथ."

एवढ्यात गिरणीवाली बातमी फिरून त्याच्याही कानावर आली. मला वाटलं, आता तरी उसळेल. तो दोरीकडे बघत बसला. "बोलू दे," म्हणाला.

बारशाच्या दिवशी मात्र निघाला. पांढरा झब्बा, पिशवीत झबलं-टोपडं, चांदीचे वाळे. आळीच्या तोंडाशी विजेच्या खांबापाशी आलो. मांडव घातलेला, पाहुणे येत होते, आणि रस्त्याच्या मधोमध सुलतान, गळ्यात झेंडूची माळ.

मी ओरडलो, "हरिश्चंद्रराव, आजच्या दिवस तरी पट्टा लावा!"

"या हो व्याही, या!" ते फाटकातून हात हलवत म्हणाले. पट्टा नव्या सदऱ्यावर तसाच लोंबत होता. "आज तर तोही यजमान! तुम्ही घाबरू नका, म्हणजे तो काही करत नाही."

"घाबरतोय कोण!" महिपत मोठ्याने म्हणाला. एक पाऊल पुढे टाकलं. सुलतानने मान वर केली आणि शेपटी हलवली. फक्त हलवली, मी शपथेवर सांगतो. महिपत ते एक पाऊल मागे आला. खांबाला धरून तो उभा राहिला. मग पिशवी माझ्या हातात दिली. "गुडघा म्हणून सांग," म्हणाला आणि वळला.

पाळण्याशी अक्षया बसली होती. मी पिशवी पुढे केली. तिने माझ्या मागे बघितलं.

"बाबा?"

"गुडघा गो त्याचा..."

"काका, गुडघा नाय," ती हळूच म्हणाली. "फाटकातून दिसले मला. खांबापर्यंत आले आणि परत गेले. दुसरीपण मुलगीच म्हणून ना?"

आयुष्यभर ज्या जिभेने गावाची लग्नं जुळवली, भांडणं लावली, ती महिपतच्या शपथेने बांधलेली. मी पिशवीतले वाळे काढून तिच्या हातात ठेवले. बाळाच्या कानात कुर्रर्र करणाऱ्या आत्याबाईंच्या पाठीत बायका धपाटे घालत होत्या. नाव ठेवलं राही. हरिश्चंद्ररावांनी मला आग्रहाने दोनदा शिरा वाढला.

सव्वा महिना झाला, अक्षया देवळात जाऊन आली, पण माहेरी आली नाही. फोनही येत नाही. महिपत स्वतःहून करत नाही, कारण तिने विचारलं तर काय सांगायचं. महिपत रोज कट्ट्यावर येतो. परवा दोरीवर दुपटी नव्हती, छोटा फ्रॉक होता. "मोठी झाली," तो म्हणाला.

गिरणीत अजून तेच बोलतात. त्यात खरं एवढंच आहे, की महिपत लेकीच्या घरी जात नाही. दुसरी मुलगी झाली म्हणून नाही. व्याही कुत्रा बांधत नाहीत आणि महिपतला कुत्र्याची भीती वाटते, म्हणून.