घोड्याचे पुढचे पाय

रोज सकाळी, तोंडात ब्रश घालायच्याही आधी, ताई खिडकीतल्या काचेच्या वाडग्यातलं पाणी बदलायची. जुनं पाणी उजेडात धरून बघायची. हिरवट दिसलं की म्हणायची, "सोडतंय हळूहळू." जणू आतल्या नाण्यांचा ताप उतरत होता.

तिची सगळी उमर औषधाच्या दुकानात उभ्याने गेली. लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या घरात मागची खोली आणि खोलीमागची बाग तेवढी तिची. बागेतला पाइप गळायला लागला म्हणून तिनेच खणलं, तर फुटक्या मडक्यात नाण्यांचा मातकट गोळा निघाला. तिने कळवलं तसे तहसील कचेरीतले साहेब बघून गेले. "तांब्याची आहेत, किरकोळ. ठेवा तुम्हालाच." तो 'किरकोळ' तिला झोंबला.

तेव्हापासून बाटलीतल्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवणं, लाकडी काडीने माती टोकरणं, कापसाने टिपणं. एका नाण्यावर हिरव्या थराखालून घोड्याचे पुढचे पाय दिसू लागले होते. पाठीवर स्वार आहे की घोडा मोकळाच, एवढं तिला बघायचं होतं.

एकदा ती आजारी मैत्रिणीकडे राहून परतली, तर घरात पाहुणे, आणि टेबलावर बशीत नाणी लखलखत होती.

"बघ ताई!" धाकटा फुलून गेला होता. "लिंबू, मीठ आणि तारेची घासणी. तू वर्षभर चिवडत बसलीस, मी एका दुपारीत उरकलं."

तिने एकेक नाणं उचलून बोट फिरवलं. सगळी गुळगुळीत.

"घोडा कुठंय?"

"कसला घोडा?"

"तोंड धुताना नाकही खरवडून काढतोस का रे?"

पाहुणे हसले. ती हसली नाही.

"अगं, तुझ्यासाठीच केलं ना!"

"माझ्यासाठी? मग मला विचारलंस? या घरातल्या माझ्या कुठल्या वस्तूला तू विचारून हात लावलास?"

"वन्सं, जाऊ द्या हो," भावजय म्हणाली, "नाणीच ती."

"नाणी होती. आता बटणं झालीत. लावा सदऱ्याला."

दोन नाणी एकमेकांना घट्ट चिकटलेली होती. धाकट्याने कंटाळून ती वाडग्यातच टाकून दिली होती, म्हणून वाचली. ताईने वाडगा आत नेला आणि खोलीला कुलूप घातलं. भांडी आपटली नाहीत, जेवण सोडलं नाही. धाकट्याशी मात्र कामापुरतं बोलायची, तेही भिंतीकडे बघून. पुढे बरीच वर्षं तो राग तसाच राहिला. त्याने दोनदा माफी मागितली. "घोडा आण, मग बोलू," एवढंच उत्तर मिळालं.

ताई अंथरुणाला खिळल्यावर कुलूप काढावंच लागलं. धाकटा उशाशी बसून राहायचा. शेवटच्या सकाळी वाडग्यातलं पाणी गढूळ दिसलं, तसा तो भीतभीत उठला, वाडगा दोन्ही हातांनी उचलून मोरीकडे निघाला. ताईने डोळे उघडले.

"नळाचं नको घालूस, गाढवा. बाटली कपाटात आहे."