पासलीचं वाकडं मैदान

आमच्या पासलीच्या वाडीत ज्ञानू ताली रचतो. ताल म्हणजे डोंगरउतारावर भातखाचराची माती धरून ठेवणारी दगडी भिंत. तिला चुना नाही, सिमेंट नाही, दगडच दगडाला धरतो. ज्ञानूनं रचलेली ताल पावसात सुटली, असं मी तरी ऐकलेलं नाही. त्याच्यावर एखाद्या लिहित्या माणसानं लिहायला हवं होतं. तसा कुणी इकडं फिरकत नाही, म्हणून मी लिहून बघतो. चुकलंमाकलं तर वाडीतले लोक सांगतीलच.

ज्ञानूच्या बायकोला, फुलाबाईला, गाडी लागते. साधीसुधी नाही. एसटीनं वेल्ह्याकडं पहिलं वळण घेतलं की बाई अर्धमेली होते. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी झाली, गोळ्या झाल्या. माहेर चालत जाण्यासारखं होतं म्हणून संसार निभावला, असं ती स्वतःच सांगते. आणि नात शेफाली शिकायला भोरला. वसतिगृहात राहते, कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळते. ज्ञानू अधूनमधून जाऊन तिचा खेळ बघून यायचा. फुलाबाईनं तो कधी बघितला नव्हता. तिच्या मनाला ते लागून राहिलं होतं. तो घरी आला की ती विचारायची, पोर पडली का कुठं, केस कसे बांधले होते, कपडे कोणत्या रंगाचे होते. ज्ञानूला यातलं काहीच आठवायचं नाही, आणि मग घरात जरा धुसफूस व्हायची.

गेल्या दिवाळीत शेफाली सुट्टीला आली तेव्हा मीही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. ती आजीला मोबाईलवर जगातली मोठमोठी फुटबॉलची स्टेडियम दाखवत होती. उत्तर कोरियातलं एक होतं, सगळ्यांत मोठं म्हणतात ते. त्याचं छप्पर फुलाच्या पाकळ्यांसारखं. आफ्रिकेतलं एक बाहेरून अगदी भोपळ्यासारखं. मेक्सिकोतलं ज्वालामुखीच्या काळ्या कातळावर बांधलेलं, म्हणजे आपल्याकडच्यासारखाच दगड. ब्राझीलमधल्या एकात पूर्वी दोन लाखांच्या आसपास माणसं मावली होती म्हणे. आपल्या कोलकात्यातलंही तिनं दाखवलं. फुलाबाईनं सगळी बघून घेतली. मग तिनं विचारलं, एवढी माणसं लघवीला कुठं जातात? शेफाली हसून लोळायला लागली.

ज्ञानूनं मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. खेळाडूंकडं त्याचं लक्षच नव्हतं. तो बसायच्या पायऱ्या बघत होता.

"ह्या ताली हायत, आनंदराव," तो मला म्हणाला. "खाली खाचर, वर ताली. भात लावायचा सोडून माणसं लावल्यात, येवढंच."

मी हो म्हणालो. तो मात्र समोरच्या डोंगराकडं बघत राहिला. तिथं त्याची तीन खाचरं एका रांगेत होती, नुकती कापणी झालेली, आणि त्यांच्यावर वरपर्यंत ताली चढत गेलेल्या. फुलाबाई भोरला जाऊ शकत नाही, तर भोरचा खेळ पासलीला आणायचा, हे त्यानं तिथंच ठरवलं असावं. आम्हाला सांगितलं ते शेफाली परत गेल्यावर.

आमच्याकडं इर्जिक अजून चालते. एखाद्याचं काम मोठं असलं की सगळी वाडी त्याच्या रानात उतरते, मजुरी कुणी घेत नाही, घरधन्यानं पोटभर जेवू घालायचं. ज्ञानूनं इर्जिक घातली, पण काम सांगितल्यावर लोक बघतच राहिले. त्याला तीन खाचरांमधले दोन बांध फोडायचे होते. आमच्याकडं बांधावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात, आणि हा स्वतःचे बांध स्वतःच्या हातानं फोडायला निघाला होता. शेजारचा धनाजी म्हणाला, म्हाताऱ्याला चांगल्या वैद्याला दाखवा. पण पहिली कुदळ धनाजीनंच मारली.

बांध निघाल्यावर ज्ञानूनं ओढ्याचं पाणी आत घेतलं. पाणी उभं केलं की उंच कुठं, खोल कुठं ते लगेच दिसतं. चिखल केला, बैलांमागं फळी फिरवली, आणि सगळं पाण्याच्या बरोबरीनं आणलं. मग पाणी सोडून दिलं. जमीन वाळून भेगाळली तेव्हा बायकांनी भेगा बुजवल्या आणि खळं चोपतात तसं सगळं रान चोपून काढलं. गोल अडवणारी पोर जिथं पडणार, त्या दोन्ही जागा फुलाबाईनं शेणानं सारवल्या, खरचटू नये म्हणून. गोलाच्या खांबांसाठी चार बांबू रोवले, त्यांना पेंढा गुंडाळला. खरंच सांगतो, एवढी सपाट जागा आमच्या खोऱ्यात दुसरी नसेल.

मग ज्ञानू नारळ घेऊन भोरला गेला. जत्रेतल्या कुस्त्यांना पैलवानांना नारळ देऊन बोलावतात, तसं त्यानं शेफालीला फुटबॉल शिकवणाऱ्या सुलक्षणा मॅडमना बोलावलं. स्पर्धेच्या आधी सरावाचा एक सामना त्यांना हवाच होता. पानशेतकडच्या मुलींचा एक संघ त्यांनी ठरवला. जागा सपाट आहे का, त्यांनी विचारलं. पाण्यासारखी, हा म्हणाला. लांबी पुरेल का? उरेल, हा म्हणाला. दोन्ही खरं होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळपासून वाडीतल्या बाया तालींवर जागा धरून बसल्या होत्या. फुलाबाई मधोमध, लग्नातलं लुगडं नेसून. दोन्ही संघांचे टेम्पो आले. सुलक्षणा मॅडम खाचरात उतरल्या, एका टोकाच्या बांबूंपाशी उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या टोकाकडं बघू लागल्या. मग त्यांनी हात कमरेवर ठेवले.

मैदान विळ्यासारखं वाकडं होतं.

डोंगर जसा वळतो तसा बांध वळतो आणि तसंच खाचर वळतं. आमच्या वाडवडलांपासून हे असंच आहे. त्यामुळं एवढे दिवस आम्ही तिथं राबलो, पण त्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. एका गोलापासून दुसऱ्या गोलाकडं सरळ चेंडू मारला तर तो मधल्या पोकळीतून थेट खालच्या खाचरांत जाणार होता.

मॅडमनी ज्ञानूला बाजूला घेऊन चांगल्या शब्दांत समजावलं. मैदान चौकोनी लागतं. वेल्ह्यात शाळेचं मैदान मिळेल, सगळ्यांना टेम्पोतून तिकडं नेता येईल. ज्ञानू मान खाली घालून ऐकत होता. मी त्याला साठ वर्षं ओळखतो, पण त्याचा एवढा पडलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

फुलाबाई उठली, लुगडं सावरत खाली आली.

"चला," ती म्हणाली. "म्या बसते टेम्पोत."

"तू टेम्पोत बसलीस तर शेफालीला सोडून तुलाच बघावं लागंल समद्यांना," ज्ञानू म्हणाला.

सगळे हसले, मॅडमही. पण फुलाबाई तशीच उभी होती आणि तिला खरंच जायचं होतं. शेफालीनं आजीचा हात धरला.

तेवढ्यात पानशेतच्या संघाची कॅप्टन रत्ना चेंडू घेऊन मैदानात फिरून आली. तिनं चेंडू हळूच ढकलला. तो सरळ घरंगळत गेला, कुठं उडाला नाही, कुठं अडला नाही.

"मॅडम, जमीन लई भारी हाय," ती म्हणाली. "वळून खेळायचं, येवढंच ना? दोघांनाबी सारखंच वाकडं हाय."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं, मग तालींवर बसलेल्या वाडीकडं बघितलं. हा सामना कशात धरायचा नाही, निव्वळ खेळ म्हणून खेळायचा, असं सांगून त्यांनी शिट्टी वाजवली.

सुरुवातीला नुसता गोंधळ. पोरींना सरळ मारायची सवय. चेंडू सारखा खाली जायचा. धनाजी आणि आणखी दोघं खालच्या खाचरांत उभे होते, ते चेंडू वर फेकायचे आणि ज्या पोरीनं मारला तिला जाब विचारायचे. अशात एक आवाज यायला लागला.

"डोंगराला धरून! डोंगराला धरून मार!"

ती शेफाली होती. लहानपणापासून याच बांधांवरून धावलेली. ती उजवीकडच्या पोरीला हाक मारून पुढं पाठवत होती, दुसरीला मागं थांबवत होती, गोलीला दटावत होती, आणि पोरी तिचं ऐकत होत्या. बघता बघता त्यांनी दोन गोल केले. मग रत्नाही शहाणी झाली आणि आपल्या पोरींवर तेच ओरडायला लागली. शेवटी पानशेतनं तीन गोल करून सामना जिंकला. आमच्या बायांनी पाचही गोलांना सारख्याच टाळ्या वाजवल्या. कुणाचा गोल कुणावर, हा हिशेब त्यांनी मनावर घेतलाच नाही.

खेळ संपल्यावर शेफाली धापा टाकत आजीजवळ आली. हरल्यामुळं जरा ओशाळली होती. फुलाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं.

"घरात तुज्या तोंडातनं शबुद काढावा लागतो," ती म्हणाली. "आन हितं समद्यांना हाका मारत व्हतीस की गं. तुज्या आबानं हे कदी सांगितलंच न्हाई."

"तू बघत होतीस म्हणून जास्त ओरडले," शेफाली म्हणाली.

"फोनवर आसा आवाज येत न्हाई तुजा. आज आयकला."

मग पंगत बसली. इंद्रायणीचा भात, वालाचं कालवण, आणि मागेल त्याला वाढणं. पानशेतच्या पोरी लाजत होत्या, मग लाजायच्या राहिल्या. टेम्पो गेल्यावर आम्ही तिघं खाचराच्या कडेला बसलो. ज्ञानू म्हणाला, पावसाच्या आत दोन्ही बांध पुन्हा रचायला हवेत.

"नगा रचू," फुलाबाई म्हणाली.

"आन भाताचं?"

"भात व्हईल की. पाणी तर सारखं उभं ऱ्हातंय."

ज्ञानूनं माझ्याकडं बघितलं. बांध न रचायला त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तो जमिनीकडं बघून हसायला लागला.

यंदा त्या लांब खाचरात एकाच दमात लावणी झाली आणि भात चांगला आलाय. परवा रत्नानं शेफालीकरवी विचारलं, कापणी कधी आहे. फुलाबाईनं उलट निरोप दिला, कापायलाच या, म्हणजे मैदान लवकर मोकळं होईल.