दह्याच्या गार वड्या

मोपाच्या विमानतळावर मला सोडायला बाबा स्कूटरवरून आले होते. आमच्या गावाहून, पार्शातून, मोपा कितीसं लांब? मोठी बॅग त्यांच्या पायांशी आडवी, लहान बॅग माझ्या मांडीवर, आणि मी मागे बसून अखंड बडबडत होते. फ्रीजमधले बांगडे संपवा, काजूच्या बागेत एकटे जाऊ नका, आईला फोन चार्ज करायला शिकवा. बाबा हं नाही की हूं नाही. दाराशी बॅग उतरवताना त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलंय म्हणून लपवताहेत, म्हणून मीही तिकडे बघितलं नाही. "पोचलंस काय फोन कर," एवढंच रुमालाआडून म्हणाले आणि स्कूटर वळवून गेले.

रडत नव्हते ते. गालाच्या आतल्या बाजूला जखम झाली होती आणि बोललं की दुखायचं. दोन महिने ती जखम त्यांनी माझ्यापासून लपवून ठेवली, आईलाही बजावलं की चेडू, म्हणजे मी, जाईपर्यंत एक अक्षर काढायचं नाही. आई तरी काय, उष्णता झाली असं धरून त्यांना कोकमाचं पाणी देत बसली. मी आज लिहितेय ते मागे राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. निघताना आपल्याला सगळं कळतंय असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो.

इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात, म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये मला काम मिळालं होतं. सकाळी सातला शिफ्ट. भिंतीवर रोटा, म्हणजे कामांचा तक्ता, लावलेला असायचा, कोणाला अंघोळ, कोणाला औषध, कोणाला भरवणं. भरवायला माणशी पंधरा मिनिटं. घरी असताना मी स्वतःचं ताटसुद्धा कधी धड उचललं नव्हतं, आई अजून ते ऐकवते. इथे मी अनोळखी म्हाताऱ्यांची तोंडं पुसायला लागले. पहिल्या महिन्यात खोलीवर येऊन रोज रडले, दुसऱ्या महिन्यात दमून झोपायला लागले. माणसाला सवय होते, हे लोक कौतुकाने का सांगतात कोण जाणे.

हिवाळ्यात बाबांचं निदान झालं. तोंडाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, मग किरणांचा उपचार सुरू झाला. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. मी घरी जायला निघाले असते, पण माझा व्हिसा वाढवायचा अर्ज नेमका तेव्हाच गेला होता, आणि निकाल येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज बाद. म्हणजे नोकरी गेली, आणि पुन्हा इथे येणं होणार नव्हतं. बाबांनी फोनवर एकेक शब्द तोडत सांगितलं, "येव नको. आयलंस तर मी शेक घेवचंय नाय." माझा हट्टीपणा नक्की कुणाकडून आला ते त्या दिवशी मला कळलं.

चौथ्या आठवड्यापर्यंत त्यांचं तोंड आतून सोलून निघालं. पेज जाईना, पाणी झोंबायचं, पुढे बोलणंही थांबलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की वजन असंच घटत राहिलं तर पुढच्या सोमवारी नाकातून नळी घालावी लागेल. बाबांनी वहीच्या पानावर लिहून आईला दाखवलं आणि आईने ते पान माझ्यासमोर कॅमेऱ्याला लावलं. "नळी नको. नळी घातली तर शेक बंद. घरी पडून राहीन." शेक अर्धवट सोडले तर काय होतं, हे विचारायला मला डॉक्टर नको होता. तो दिवस मंगळवार होता.

आमच्या केअर होममध्ये मॉली नावाची स्वयंपाकीण आहे, साठीची, जाडजूड, तोंडाने फटकळ. माझं तिच्याशी जमतं त्याचं कारण उघड आहे. ज्यांना गिळता येत नाही, ज्यांची तोंडं आली आहेत, त्यांच्यासाठी ती दही आणि फळं गोठवून त्याचे लहान तुकडे करते. गारव्याने तोंड बधिर होतं, तुकडा जिभेवर ठेवला की आपोआप विरघळतो, पोटात चार घास जातात. आमच्या होममधले एक म्हातारे गृहस्थ, जे कुठल्याच चमच्याला तोंड उघडत नसत, ते हे खात. मीच त्यांना भरवायचे. त्या मंगळवारी मी त्यांच्या ओठांशी तुकडा नेला आणि त्यांनी तोंड उघडलं. परक्याचा बाप माझ्या हातून खातोय आणि माझा बाप उपाशी आहे, याची मला इतकी चीड आली की मी वाटी आपटून बाहेर गेले. मॉली मागोमाग आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग तुझ्या आईला शिकव की, हे काय अवघड आहे?

तसं खरंच अवघड नव्हतं. मी आईला फोनवर सांगितलं. दही सकाळी लावून दुपारचंच घे, आंबट झालेलं झोंबेल. पंच्यात बांधून टांग, पाणी गळू दे. पिकलेलं सालदाटी केळं कुस्कर, मानकुराद आंब्याचा गर घाल, गोडीला माडाचा गूळ पातळ करून गाळून घे. सगळं घोटून ताटात बोटभर जाडीचं पसर आणि फ्रीझरमध्ये ठेव. घट्ट झालं की नखाएवढ्या वड्या काप. आणि आधी तो फ्रीझर रिकामा कर, बांगड्यांच्या वासाचं दही कोणी खाणार नाही. आईने एवढं मुकाट ऐकलं तिथेच मला संशय यायला हवा होता.

बुधवारी विचारलं, खाल्लं का? "जिभेक लायल्यानी," आई म्हणाली. गुरुवारी, "अर्धी वाटी ठेवल्यानी." शुक्रवारी ती वैतागली. "तुझां ता विलायती खाणां तेंका रुचना नाय गे. तोंडात घेतत आणि डोळ्यातसून पाणी काढतत. आणि किती छळू तेंका?" मी तिच्यावर तोंड टाकलं. तू नीट करत नसशील, दही आंबट असेल, तुला कुठलीच गोष्ट सांगितली तशी करायची नसते. ती म्हणाली, मग तूच येऊन कर. आम्ही दोघींनी फोन ठेवला. तिने आधी ठेवला की मी, यावर आमचं अजून एकमत नाही.

शनिवारी वजन आणखी उतरलेलं होतं. डोळ्यांसमोर फक्त सोमवार दिसत होता. रविवारी मी आईला सांगितलं, आज फोन समोर डब्याला टेकवून ठेव आणि माझ्यादेखत सगळं कर. माझ्याकडे सकाळ होती, पार्शात दुपार. आईने तोंड फुगवून का होईना, केलं. मी एकेक गोष्ट तपासत होते, कोणी परीक्षा घेतं तशी. दही गोड होतं. केळं नीट कुस्करलेलं होतं. गुळाचा पाक गाळून घेतला होता. फ्रीझर इतका लख्ख की त्यात बांगडा कधी गेला होता यावर विश्वास बसू नये. एकही चूक सापडेना, आणि त्याने माझा जीव जास्तच घाबरा झाला. दही चांगलं असूनही ते खात नसतील, तर आता सांगायला माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं.

तीन तासांनी जेवणाच्या सुट्टीत मी स्टाफरूममधून पुन्हा फोन लावला. आईने ताट बाहेर काढलं. छान घट्ट झालं होतं, पिवळंधमक. तिने सुरीने वड्या कापल्या, चार वाटीत घेतल्या, बाकीचं ताट पुन्हा आत सरकवलं. मग वाटी घेऊन ती चुलीकडे गेली. आमच्याकडे गॅस असला तरी भात चुलीवरच शिजतो, आणि चुलीच्या बाजूला वायल असतं, निखाऱ्याच्या धगीवर वस्तू गरम राहावी म्हणून. तिने ती वाटी वायलावर ठेवली.

"आई! काय करतेस?"

"थंडी काढतंय," ती इतक्या सहजपणे म्हणाली की मला क्षणभर समजलंच नाही. "बरफ तसोच खय दिवचो?"

पाच दिवस. पाच दिवस ती मी सांगितलेलं सगळं मन लावून करत होती, आणि शेवटी ते वायलावर कोमट करून, पाणी पाणी झालेलं, झोंबणारं दही सोललेल्या तोंडात घालत होती. मी ओरडले. स्टाफरूममधले दोघं उठून बाहेर गेले. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तू त्यांना मारून टाकशील, असंही बोलले. हे मी आईला बोलले आहे आणि ते आता पुसता येत नाही.

आई चुलीपाशीच उभी होती. पदर तोंडाला नव्हता, डोळे कोरडे होते. तिचा आवाज चढला नाही.

"चाळीस वर्सां ह्या माणसाक मी गरम वाढलंय. ट्रक घेवन पाळयेच्या खाणीवरसून कितीय वाजता येव दे, निवलेलां कधी ताटात पडूक नाय. धडधाकट होते तेवा थंड दिलंय नाय आणि आता शेकान भाजलेल्या माणसाक बरफ भरवू? माझो हातच उठना नाय गे. तुझो उठता?"

माझा उठत होता. रोज, माणशी पंधरा मिनिटं. 

तेवढ्यात बाहेरून ठक ठक असा आवाज आला. बाबा ओसरीवरच्या खाटेवर पडून सगळं ऐकत होते आणि स्टीलच्या पेल्याने खाट वाजवत होते. आई वळेपर्यंत ते स्वतः आत आले. किती वाळले होते! फोनवर नुसता चेहरा बघून इतके दिवस मला कळलं नव्हतं. लुंगी धरत, भिंत धरत ते सरळ फ्रीजपाशी गेले, ताट ओढलं आणि एक वडी उचलून तोंडात ठेवली.

मी स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. त्यांनी डोळे गच्च मिटले. आई हात पुढे करून उभी, थुंकतील तर धरायला. मी मनात आकडे मोजत होते, कशासाठी ते मलाच माहीत नाही. त्यांचा गाल हलला, मग गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. त्यांनी डोळे उघडले, आईकडे बघितलं आणि दुसरी वडी उचलली. तिसरी उचलताना त्यांचा हात ताटावरून घसरला, तेव्हा आईने ती उचलली. वडी दोन बोटांत धरून ती क्षणभर थांबली. तिची बोटं गारठली असणार. मग तिने ती त्यांच्या तोंडात ठेवली.

त्या दिवशी त्यांनी अकरा वड्या खाल्ल्या. सोमवारी वजन वाढलं नव्हतं, पण उतरलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ह्या आठवड्यात नळी नको, पुढच्या सोमवारी बघू. तो सोमवारही तसाच धाकधूक करत गेला आणि त्याच्या पुढचाही. शेक पूर्ण झाले. आता बाबा मऊ पेज खातात, घोगऱ्या आवाजात मला ओरडतात. पुढे काय ते कोणालाच माहीत नाही, आणि माहीत असल्याचं नाटकही मी करत नाही. व्हिसा मिळाला. मी दिवाळीला जाऊन येणार आहे.

पण आईने मात्र त्या रविवारनंतर चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. फोन बाबांच्या कानाला लावून द्यायची आणि निघून जायची. मी चूक आहे असं म्हणायची माझी तयारी होती, पण कशाबद्दल म्हणायचं तेच ठरेना. माझं म्हणणं बरोबर होतं, आणि तरीही मी तिच्याशी वाईट वागले होते.

मागे राहिलेल्यांनो, आम्ही लांबून खूप हुशार होतो. आम्हाला औषधांची नावं कळतात, पथ्यं कळतात, तुमच्या चुका तर फारच पटकन कळतात. आणि माझ्याबरोबरच्या, निघून आलेल्यांनो, आपण घर म्हणतो ते काय उरलंय हे मी हल्ली स्वतःला विचारते. पार्शातली ओसरी, बाग, ते आहेच. पण तो चार दिवसांचा आईचा अबोला मला जेवढा लागला तेवढं विमानातून उतरतानाचं एकटेपण लागलं नव्हतं. जिचा राग आपल्याला जेवू देत नाही, ती जिथे असेल तिथे घर, एवढंच मला सध्या सांगता येतं.

पाचव्या दिवशी तिने स्वतःहून फोन केला.  म्हणाली, "गे, तू थंय त्या म्हाताऱ्यांका भरवतंस, तेवा घाई करतंस काय?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "हो. वेळ नसतो."

"करू नको," आई म्हणाली. "तेंचांय कोणतरी लांब आसतला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हाताऱ्या गृहस्थांसमोर मी वाटी घेऊन बसले. रोट्यावर पंधरा मिनिटंच होती. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला कोण कोण आहे? त्यांनी पहिली वडी जिभेवर पूर्ण विरघळू दिली. मग म्हणाले, एक मुलगी आहे, ऑस्ट्रेलियात असते. मी तिचं नाव विचारलं.