निळ्या झग्याचे वकील

जगातल्या फसलेल्या गोष्टींना एकच वकील मिळाला असेल, तर तो मुकुंदवाडीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. शेजारचे भाऊ पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. पण कागदावर कालवा जिथं संपायचा, तिथून पुढं तो त्यांच्या डोक्यात वाहतच राहायचा. दूध उतू जाताना ते पातेल्याकडं इतक्या मायेनं बघत उभे राहत, की स्टो बंद करा म्हणून मलाच भिंतीवरून ओरडावं लागे. कुणाला दोष देणं तर त्यांना जमतच नसे. कन्नड गावाहून येणारी एसटी रखडली, तर म्हणत, "ड्रायव्हरला कुणी सोयरा भेटला असंल, वहिनी. चहाला नाय कसं म्हणंल?" दूध पाणचट निघालं, म्हणून मी पदर खोचून दूधवाल्याला फैलावर घ्यायला यावं, आणि या माणसानं त्याला म्हशीची तब्येत विचारावी, असं कितीदा झालं.

तेव्हा गल्लीत टीव्ही एकच होता. स्टेशनाबाहेरच्या दुकानात एका महावीराची चार भागांची चित्रकथा आली आणि पन्नाशीला टेकलेल्या भाऊंना तिचं वेड लागलं. दर महिन्याला नवा भाग आणून ते ओट्यावर मोठ्यानं वाचत. भाजी निवडता निवडता मीही ऐके. पहिल्या भागात निळ्या झग्यातला तो वीर इतका हळवा, की मुंगी चिरडू नये म्हणून जमिनीवर पाय टेकत नसे. दुसऱ्यात त्यानं रागाच्या भरात अख्खा पूल उचलून नदीत फेकला. तिसऱ्यात सख्ख्या आईला म्हणाला, "कोण तुम्ही?" आणि चौथ्यात, ज्या राक्षसाशी इतके दिवस झुंजला, त्याच्याच मांडीला मांडी लावून जेवायला बसला. समाप्त! लिहिणाऱ्यानं आधीचे भाग स्वतः तरी वाचले होते की नाही, देव जाणे. मी म्हटलं, "भाऊ, हा एक माणूस नाही. चार माणसं एकाच झग्यात कोंबलीत."

भाऊ आभाळाकडं बघत राहिले. "तसं नाय, वहिनी. मधल्या महिन्यात त्याच्यावर कायतरी गुदरलं असंल. आपल्याला दाखवलं नाय, एवढंच." मग उन्हं उतरेपर्यंत त्यांनी मला तो न छापलेला महिना सांगितला. वीराला ताप आला होता, तापात सगळे चेहरे पुसले गेले होते, आईच्या हातच्या कढीची चव तेवढी राहिली होती. छापलेल्या गोष्टीपेक्षा ती कितीतरी सरस होती.

अशा या माणसाला एकाच माणसासाठी कधी कारण सापडलं नाही. पाचोडला त्यांचे थोरले बंधू होते. आईबापामागं त्यांनीच भाऊंना वाढवलं, बाजारात खांद्यावर बसवून फिरवलं. आणि वाटण्या झाल्या त्या दिवशी, कसलंही भांडण नसताना, "पुन्हा या घराची पायरी चढू नको" म्हणाले. त्यानंतर दोघं कित्येक वर्षं बोलले नाहीत. एका उन्हाळ्यात निरोप आला, की थोरल्यांचं आता काही खरं नाही, भाऊंची वाट बघताहेत. भाऊंच्या बायकोनं हात जोडले, तरी हे ओट्यावरून हलेनात. मला राग आवरेना.

"दूधवाल्याच्या म्हशीचीसुद्धा तुम्ही बाजू घेता," मी म्हटलं. "त्या झग्यावाल्यानं आईला ओळखलं नाही, तेही पचवलंत. मग दादांचाच मधला महिना तेवढा दिसत नाही का हो?"

"ते कागदावरचं हाय, वहिनी." भाऊ पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "ह्ये माझ्या काळजावरचं हाय."

मी भाजीचं ताट उचलून आत गेले. सकाळी बघते तर शेजारच्या दाराला कुलूप. नवरा-बायको पहिल्याच गाडीनं पाचोडला गेले होते.

परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. भाऊ भिंतीपाशी येऊन उभे राहिले. मी विचारलं, "तेव्हा असं का बोलले, ते सांगितलं का दादांनी?"

"म्या विचारलंच नाय."

"मग?"

"झोपला व्हता. जागा झाल्यावर म्हणला, जेवला का रं? मी म्हणलं, नाय. मग एकाच ताटात जेवलो."

एरवी आभाळाकडं लागणारी त्यांची नजर त्या संध्याकाळी आमच्या साध्या भिंतीवर होती, आणि त्यांनी कुणासाठी काहीही रचलं नाही. दादा पावसाळ्याआधीच गेले. तोवर दर सुट्टीला भाऊ पाचोडला जात, आणि आल्यावर मी काही विचारायच्या आत सांगत, "आज अर्धी भाकर खाल्ली त्यानं, वहिनी."